प्लायवूडचा राजवाडा, वेशीबाहेरचा दगड

मराठ्यांचा राजवाडा कसा दिसत होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

उत्तर द्यायची घाई करू नका. आधी डोळ्यांपुढे काय येतं ते पाहा. गुलाबी दगडाच्या नक्षीदार कमानी, वर घुमट, दोन्ही बाजूंना सोनेरी खांब, मधोमध सिंहमुखी हात असलेलं सिंहासन? मग तो राजवाडा तुम्हाला मी दाखवला आहे, किंवा माझ्या धंद्यातल्या दुसऱ्या कोणी. तो प्लायवूडचा होता. पंगती उठल्यावर आम्ही त्याचे स्क्रू काढले, पाट्या एकावर एक रचल्या आणि टेम्पोत घालून गोदामात परत नेल्या.

मी राजवाडे बांधते. वाशीमकडच्या कारंजा गावात सत्तारचाचांचं मंडप-डेकोरेशनचं गोदाम आहे, तिथे सेटचं सगळं काम माझ्याकडे असतं. चित्रकलेचा डिप्लोमा केला, शाळेत कलाशिक्षकाची जागा निघेल म्हणून वाट पाहिली, ती निघाली नाही. चाचांना रंगकामाला माणूस हवा होता. दिवाळी अंकात कामाच्या आठवणी निवृत्त माणसांनी लिहायच्या असतात, हे मला कळतं. मी अजून चाळिशीही गाठलेली नाही. पण मला ज्याविषयी लिहायचं आहे ते माझ्या निवृत्तीपर्यंत थांबलं नाही. ते पाडून झालं.

आधी धंदा सांगते. थंडी सरता सरता जयंतीची कामं सुरू होतात, मग उन्हाळाभर लग्नं, पावसात गोदामात डागडुजी, पुढे गणपती आणि देवी. राजवाडा म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेल्या प्लायच्या पाट्या. त्यावर फोम चिकटवायचा आणि तापलेल्या तारेनं कमानी कापायच्या. खांब आणि हत्तीची तोंडं फायबरची, साच्यातून काढलेली. दगड दाखवायचा असेल तर करड्या रंगावर स्पंज दाबत जायचं आणि सांधे बारीक काळ्या रेघेनं ओढायचे. जुनेपणा हवा असेल तर चहाच्या पाण्यात थोडा रंग कालवून वरून ओघळ सोडायचे. जरा लांबून फोटो काढला की कोणाच्या बापाला कळत नाही.

आमचे साचे हैदराबादहून येतात, काही राजस्थानातून. साचे जिथले, राजवाडा तिथला. गिऱ्हाईक येऊन सांगतं, ‘ताई, मराठा थीम करा.’ आम्ही जयपूरच्या कमानीवर भगवा झेंडा लावतो. झाला मराठ्यांचा राजवाडा.

खरे वाडे लाकडाचे, विटांचे, चुन्याचे, मातीचे होते. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, छताला लोंबणारी लाकडी केळफुलं, बंद चौक, उजेड वरून येणारा. रायगडावर जा, पुण्याला जा, काय दिसतं? दगडी जोतं. वरचं सगळं आगीत गेलेलं. नागपूरकर भोसल्यांचा मोठा वाडाही आगीतच गेला. मोकळं जोतं दिसलं की ते भरून काढायला आमच्यासारखे लोक टपलेलेच असतात.

आमच्या वऱ्हाडात तर असे मोठे राजवाडे फारसे नव्हतेच. इथे निजामाचा आणि भोसल्यांचा दुहेरी अंमल, दुहेरी वसुली. वसूल करणारा सरदार किंवा देशमुख गढीत राहायचा. गढी मातीची. पांढऱ्या मातीचे उंच बुरूज, वर वाडा, खाली गाव, गावाला वेस. हेच आमचं राजवैभव. पण याचा साचा कोणी काढत नाही, कारण लग्नात मातीपुढे उभं राहून फोटो कोणाला नको असतो.

वाशीमच्या एका लग्नात दोन सिंहासनं लावायची होती. एक नवरदेवाचं, एक नवरीचं. दोन्ही घराणी जुनी सरदार, असं दोन्हीकडून आम्हाला वेगवेगळं बाजूला घेऊन सांगण्यात आलं. दोन्हीकडच्या वडिलांची कृषी केंद्रं होती. दुपारी नवरीचा मामा आला.

“बाई, त्याहीचं सिंहासन आमच्यापेक्षा उच्चं काहून हाये?”

मी म्हटलं, दोन्ही एकाच साच्यातली आहेत, तिकडची जमीन जरा वर आहे.

“मंग इकडे इटा टाका.”

विटा टाकल्या. तासाभरात नवरदेवाचा काका आला. त्यानं काही विचारलंच नाही. हातानंच खूण केली, इकडेही टाका. संध्याकाळपर्यंत असं चाललं. शेवटी नवरदेवाला वर चढायला प्लास्टिकचं स्टूल द्यावं लागलं आणि त्याचा जिरेटोप कमानीत अडकला. सत्तारचाचा लांब उभे राहून पान खात होते. मला म्हणाले, “बेटा, अजून एक इट टाकली तं दोघंबी सीधे जन्नतमधी.”

त्या लग्नातला उजवा खांब लक्षात ठेवा. टेम्पोतून उतरवताना त्याचं खालचं कमळ तडकलं होतं. तडकलेल्या टोकावर खांब उभा राहीना. म्हणून आम्ही तो उलटा लावला, कमळ वर, कळस खाली, आणि तडा दिसू नये म्हणून कमळाभोवती झेंडूची जाड माळ गुंडाळली. डावा खांब सरळ, उजवा शीर्षासनात. हजारभर माणूस जेवून गेलं, एकानंही विचारलं नाही.

दुसरं एक गिऱ्हाईक मला जन्मभर पुरेल. मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरचा नवरदेव, नुकताच शिक्षक झालेला. गोदामात आला, सगळ्या पाट्या पाहिल्या आणि म्हणाला, “ताई, राजवाडा नाई पाह्यजे. बैल पाह्यजे. पाठीवर गोण्या लादलेले.”

“लग्नात बैल?”

“राजाच्या फौजेले दाणा कोन पोचवत होतं? आमचे लोक. मैल न् मैल बैल हाकलत. आमी राजवाड्यात कायले उभं राहाव? राजवाडा आमच्या गोणीवर उभा होता.”

मी बैलांची रांग रंगवली. एकामागे एक, क्षितिजापर्यंत, धुळीत बुडत गेलेली. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते. लग्नात तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाया उठून येत आणि रंगवलेल्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवत. त्यानंतर त्या पाट्यांना एकही मागणी आली नाही. पुढच्या हंगामात त्यांच्यावर गुलाबी दगड रंगवावे लागले. मीच रंगवले. धंदा असा आहे.

या खोट्या राजवाड्यांचा राग माझ्यात कुठून आला ते सांगते. मी पत्रकांवर वाढले. बाबा चळवळीतले. सभेची, मोर्चाची, जयंतीची पत्रकं कारंज्याच्या छापखान्यातून आणायची आणि बाजारात, एसटी स्टँडवर, शाळेच्या फाटकाशी वाटायची, हे त्यांचं आयुष्य. उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू म्हणजे माझी चित्रकलेची वही. माझ्या प्रत्येक चिमणीच्या पाठीमागे ‘जाहीर निषेध’ छापलेला असायचा. वाचायलाही मी त्याच कागदांवर शिकले. बाकीची पोरं ‘घर’, ‘नळ’ वाचत होती तेव्हा मला ‘बंधू-भगिनींनो’ वाचता येत होतं.

आमचं गाव धनजपासून आत आहे. नाव लिहीत नाही, कारण थोडं पुढे वाचलंत की तुमच्याच गावाचं नाव तिथे बसेल. गढीचा एक बुरूज उरला होता आणि वेस. बाकीची गढी लोकांनी टोपल्याटोपल्यांनी वाहून नेली होती. पांढरी माती घर सारवायला, धाब्याच्या छतावर टाकायला, वावरात पसरायला. त्याचा मला राग नाही. ती माती आमच्याच लोकांनी डोक्यावरून वाहून वर चढवली होती, ती परत वावरात गेली. वेस विटांची आणि चुन्याची. कोणाच्या कामाची नव्हती, म्हणून उभी राहिली.

वेशीच्या बाहेर, डाव्या अंगाला, भिंतीत एक कोनाडा होता आणि कोनाड्यात एक काळा दगड. तो वेसकराचा. संध्याकाळी वेस लावायची, सकाळी उघडायची, कोण आलं कोण गेलं ते ध्यानात ठेवायचं, परक्याला अडवायचं, हे वेसकराचं काम. वेस लागली की गाव आत आणि हा बाहेर. गढीतल्या माणसाला झोप लागावी म्हणून यानं जागायचं आणि त्याबद्दल घरोघर फिरून भाकरीचे तुकडे गोळा करायचे. आमचं घराणं वेसकराचं, महाराचं. तो दगड मधोमध खोल गेला होता. कोणी टाकी लावून खोल केला नव्हता. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर बसली होती.

बाबा त्या दगडावर कधी बसले नाहीत. लहानपणी मी एकदा बसले तर त्यांनी दंडाला धरून उठवलं. “तिथं बसाचं नाई.” पण कोणी त्या दगडावर कोयता घासताना दिसलं तर त्याच्याही अंगावर धावून जायचे. मी विचारलं, “बसाचं नाई तं सांभाळाचं कायले?”

“बसाचं नाई म्हून तं सांभाळाचं,” बाबा म्हणाले. “उद्या हेच म्हनतीन, असं काई नव्हतंच.”

आता विशाल. माझा पहिलीपासूनचा वर्गमित्र, गावच्या जयंती समितीचा अध्यक्ष. त्याला खलनायक करून मला मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा पहिली गाडी त्याची आली होती. राजाचं नाव घेताना त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी येतं. एका दुपारी तो गोदामात मोबाइल नाचवत आला.

“संगे, हे पाय! सापडला आपला राजवाडा.”

फोटो काळापांढरा होता, कडा पिवळ्या केलेल्या. खाली लिहिलं होतं, ‘दुर्मिळ छायाचित्र. भोसलेकालीन राजवाडा, वऱ्हाड प्रांत. प्रत्येकापर्यंत पोहोचवा.’ कमानी, घुमट, दोन खांब. डावा सरळ, उजवा शीर्षासनात, कमळाभोवती झेंडूची माळ. सिंहासनं आणि नवरानवरी कोणीतरी पुसून टाकली होती. सिंहासनांखालच्या विटा पुसायला विसरला होता.

“विशल्या, हे माहं काम हाये. वाशीमच्या लग्नातलं.”

“काईबी.”

“अरे, खरं सांगून राह्यली. ये इकडे.”

मी त्याला मागच्या खोलीत नेलं. खांब भिंतीला टेकून उभा होता, तडा तसाच. मी त्याचा हात धरून तड्यावरून फिरवला. त्यानं खांबावर टिचकी मारली, पोकळ आवाज आला. क्षणभर त्याचा चेहरा उतरला आणि मला वाटलं, संपलं. मग त्याचा चेहरा पुन्हा फुलला.

“मंग तुमी हे कशाचं पाहून बनोलं? खऱ्याचं पाहूनच बनोलं असन ना!”

यावर काय बोलायचं? मी बोलले. साचे, हैदराबाद, राजस्थान, लाकडी वाडे, आगी, सगळं. तो ऐकत होता आणि बोटानं फोटो मोठा करून पाहत होता. मग म्हणाला, “आमी वेस नवीन करून राह्यलो. या फोटोसारखी. निधीबी मंजूर झाला.”

“आन् जुनी?”

“जुनी पाडाच लागन ना. तिथंच तं जागा हाये. आपल्या राजाची वेस अशी इटामातीची राहीन का, संगे? बाहेरगावचे लोक पाह्यतात तं लाज वाटते.”

“राजा इटामातीतच राहत होता, विशल्या.”

“तू ना, जास्त शिकली,” तो हसत म्हणाला आणि गेला.

बाबांनी त्यांना जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं. ‘वेस वाचवा. ही वेस राजाची जितकी, तितकीच ती बांधणाऱ्याची आणि राखणाऱ्याची. तिच्या बाहेरचा दगड आमचा अपमान आहे आणि आमचा पुरावाही. तो काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.’ कारंज्यात छापून आणलं, गावात घरोघर वाटलं, बाजाराच्या दिवशी धनजलाही वाटून आले. दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या गाडीवर भजे त्याच पत्रकात बांधून मिळत होते. मी संतापले. बाबांनी कागद उलगडून तेलाचे डाग पाहिले आणि म्हणाले, “वाचून तं खाल्ले असतीन.”

ग्रामसभा ठरली. मी सत्तारचाचांना म्हटलं, तो खांब द्या, लोकांना दाखवते. चाचा म्हणाले, “तू दाखवशीन तं म्हनतीन पोट्टी खोटं बोलते. माहा माल हाये, मीच येतो.” त्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. जयंतीची मोठी ऑर्डर त्या गावाकडूनच यायची. तरी आले. टेम्पोतून खांब उतरवून त्यांनी ग्रामपंचायतीपुढे उभा केला, उलटा, फोटोतल्यासारखा.

“काय चाचा, खांब इकाले आनला का?” पुढे बसलेल्या एकानं विचारलं आणि सभा हसली.

“इकाले नाई, भाऊ. कबूल कराले आनला,” चाचा म्हणाले. “हा फायबरचा हाये. साचा हैदराबादचा. टेम्पोत फुटला म्हून आमी उलटा लावला. तुमी मोबाइलमधी पाहून राह्यले तो हाच. तुमच्या राजानं याले कधी पाह्यलं नाई.”

हसू थांबलं. मागून कोणीतरी म्हणालं, “चाचा, खांबाचं बोला. राजाचं तुमी नका बोलू.”

एवढंच. आवाज चढवला नव्हता. कोणी ‘गप रे’ म्हणालं नाही. विशालनं मान खाली घातली. ज्या माणसाच्या मंडपाखाली त्या गावातली निम्मी लग्नं लागली तो माणूस खांब खांद्यावर घेऊन टेम्पोकडे चालू लागला. मी मागे धावले तर म्हणाले, “तू बस. तुही सभा हाये.” त्या दिवसापासून आजपर्यंत चाचांनी माझ्याशी त्या सभेचा विषय काढलेला नाही. मला तो रोज आठवतो.

मी परत येऊन बोलायला उभी राहिले. विशालनं मला मधेच थांबवलं. त्याचा स्वर अगदी मऊ होता.

“संगे, राग नको मानू, खरं सांगतो. त्या वेशीनं तुमाले काय देल्लं? बाहेरच बसोलं ना? मंग पडून राह्यली तं तुमी खुश व्हाले पाह्यजे. नव्या वेशीतून सगळे सारखे येतीन, सारखे जातीन.”

टाळ्या पडल्या. त्याला ते मनापासून वाटत होतं, हेच जास्त लागलं. लहानपणापासून पाठ झालेली सगळी पत्रकं त्या क्षणी माझ्या तोंडातून पळून गेली. बाबा उठले.

“विशालभाऊ, आमी बाहेर बसत होतो हे तुले कोनी सांगतलं?”

“माहीत हाये ना सगळ्याले, बाबा.”

“तुले माहीत हाये, कारन तो दगड तू लहानपनापासून पाह्यला. तुह्या पोराले कोन सांगन?”

मग हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. आमच्या वस्तीतलेही काही झाले. त्यांच्या पोरांना त्याच कामावर मजुरी मिळणार होती. त्यांच्यावर मी बोट उगारत नाही.

वेस भरदिवसा पाडली. जेसीबी पहिल्या धक्क्याला नुसता गुरगुरला. चुना अजून घट्ट होता, विटा सुट्या व्हायला तयार नव्हत्या, पाडणाऱ्याला घाम फुटला. बघायला आलेली माणसं कौतुकानं म्हणत होती, “काय बांधकाम होतं!” पडता पडता तिची पहिल्यांदा तारीफ झाली. बाबांनी जेसीबीवाल्याकडे फक्त तो दगड मागितला. तो परगावचा, भला माणूस. त्यानं दगड अलगद उचलून बाजूला ठेवला. “घेऊन जा बाबा, गाडी आना.” दुसऱ्या दिवशी मी चाचांचा टेम्पो घेऊन गेले तेव्हा दगड जागेवर नव्हता. मिस्त्रीच्या माणसांनी नव्या वेशीच्या पायात दगड भरले होते. समोर पडलेले सगळे भरले, त्यातच तोही गेला. कोणी मुद्दाम केलं नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान मला कोणाशी तरी भांडता आलं असतं.

नवी वेस सिमेंटची आहे. मिस्त्री इमानदार होता, त्यानं फोटोत होतं ते सगळं बांधलं. जयपूरच्या कमानी, दोन घुमट. डाव्या खांबाचं कमळ खाली, उजव्याचं वर. उजव्या कमळाभोवती सिमेंटची झेंडूची माळ, तीही नारिंगी रंगवलेली. पायाशी चार थर विटांचे, वाशीमच्या दोन खानदानांत ज्यावरून भांडण झालं त्या विटांचे. मी समोर उभी राहून पाहिलं आणि हसू आलं, आणि ते थांबेना, आणि मग लोक बघायला लागले म्हणून मी तिथून निघाले. माझ्या हातून घडलेली एकच गोष्ट पुढच्या पिढ्यांसाठी उरणार आहे, आणि ती ही.

उद्‌घाटनाला शहरातून पाहुणे येणार होते. सकाळी बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. मला वाटलं निषेधाची पत्रकं असतील, पण हात रिकामे होते. ते सरळ वेशीकडे गेले आणि बाहेरच्या बाजूला, डाव्या अंगाला, जिथे कोनाडा होता त्या जागी मांडी घालून बसले. खाली दगड नव्हता, मुरूम होता. जिथे जन्मात बसले नाहीत आणि मला बसू दिलं नाही, तिथे.

विशाल पळत आला. “बाबा, इथं काहून बसले? उठा, तुमच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली.”

“माहीत हाये. तू ठेवली असशीन.”

“मंग चला ना. लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे, भाऊ. इथं एक दगड होता. कोनी इचारलं तं सांगाले मानूस पाह्यजे ना?”

तेवढ्यात गाड्या आल्या. ताशे वाजू लागले. पाहुणे उतरले, फेटे बांधून झाले, फीत पुढे धरली. पाहुण्यांबरोबर एक बाई होत्या. त्यांची नजर बाबांवर गेली. “हे आजोबा इथे खाली का बसलेत? कोण आहेत ते?”

विशालनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं म्हणेल, गावातलेच आहेत, सवय आहे त्यांना.

“वेसकर,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

आणि फीत ताणून धरलेली असताना, ताशे थांबलेले असताना विशालला सांगावं लागलं की इथे पूर्वी वेस होती, तिच्या बाहेर एक दगड होता, त्यावर यांच्या घरची माणसं रात्रभर बसायची, गाव आत झोपायचं. मला त्याची दया आली आणि माझी मलाच चीड आली. बाई म्हणाल्या, “अच्छा, अच्छा. आणि आता कुठे आहे तो दगड?”

विशालनं उजव्या खांबाच्या पायाकडे बोट केलं.

मग त्यांनी फीत कापली. फोटो निघाले. त्यातल्या एकाही फोटोत बाबा नाहीत. फोटोवाल्यानं कमान बसवायला कॅमेरा थोडा उजवीकडे घेतला होता.

मी अजून राजवाडे बांधते. पोट आहे. फक्त आता प्रत्येक राजवाड्याच्या कमानीबाहेर, डाव्या अंगाला, मी एक कोनाडा रंगवते आणि त्यात मधोमध खोल गेलेला काळा दगड. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगते. बहुतेक जण तिथे फुलदाणी ठेवायला लावतात. सत्तारचाचा फुलदाणी जरा बाजूला सरकवून ठेवतात.

दिवाळीला तुम्ही गावी जाल. जेवणंबिवणं आटोपली की वेशीपर्यंत चालत जा आणि बाहेरच्या बाजूला उभे राहा. डाव्या भिंतीत किंवा उजव्या, बसायची जागा शोधा. वेस पडली असेल तर जागा कुठे होती ते वस्तीत जाऊन विचारा, आणि तिथे कोणाच्या घरची माणसं बसायची हे त्यांच्याच तोंडून ऐका. मग याची नोंद व्हावी म्हणून पुढच्या ग्रामसभेत अर्ज द्या. कोणी मोबाइल घेऊन यायच्या आत द्या. बाबांच्या पत्रकाइतका लांब नको. इथे वेस आहे, आणि इथे अमुक घराण्याची माणसं बाहेर बसून गाव राखत होती, एवढं लिहिलं की पुरे. ते घराणं तुमचं नसेल तर फारच चांगलं. खाली तुमची सही करा.